अर्धा राहिलेला खुतबा

“आज खुतबा आटप लवकर,” मुराद म्हणाला.

मी पडवीत बसून केरोसीनने हात धूत होतो. आठवडाभर बोटींची इंजिनं उघडायची आणि शुक्रवारी नखांतलं ग्रीस काढून मशिदीच्या मिंबरवर, त्या उंच व्यासपीठावर, चढायचं, असं माझं दुहेरी आयुष्य होतं. खतीब हे आमचं आडनाव आणि तेच आमचं काम. वेळसांडच्या मशिदीत शुक्रवारचा खुतबा, म्हणजे नमाजआधीचं प्रवचन, आमच्या घरातला थोरला वाचतो, हे आजोबांच्याही आधीपासून चालत आलेलं. मी थोरला, म्हणून माझ्या वाट्याला आलं. नाहीतर माझ्यासारख्या तापट माणसाला कुणी मिंबरच्या पहिल्या पायरीवरही उभं केलं नसतं.

मी मान वर केली. धाकट्या भावाचं तोंड अजून सुजलेलंच होतं. डावा डोळा मिटलेला, ओठ दोन जागी फाटलेला. पुढचे दात बुधवारी धक्क्यावर पडले होते, ते तिथेच राहिले होते. बोलताना तोंडातून लाळ गळत होती आणि तो ती मनगटाने पुसत होता.

“का रे? कुटं जायचा हाय?”

“कुटं नाय. आटप, एवडाच सांगतंय.”

“रुकय्यानं काय खाल्ला का?” मी त्याच्या बायकोचं विचारलं.

“नाय.”

“आनि तू?”

खांबाला टेकून तो खाडीकडे बघत उभा राहिला. मग म्हणाला, “भाई, सारंग येनार ना आज?”

“तो जमातीचा सदर. पैल्या सफेत त्याची जागा ठरलेली. येनार नाय तर जाईल कुटं?”

“बरा,” मुराद म्हणाला आणि पायऱ्या उतरून गेला.

मला वाटलं, नमाज झाल्यावर त्याला जमातीसमोर उभं राहून सारंगला जाब विचारायचा असेल. आमच्यात तशी रीत आहे. शुक्रवारी सगळा गाव एका छपराखाली असतो, त्यामुळे सोयरिकी, बांधाची भांडणं, रुसवेफुगवे, सगळं नमाजनंतर तिथेच निघतं आणि तिथेच मिटतं. मी हात पुसले आणि स्वच्छ कुर्ता काढला.

दीड महिन्यापूर्वी मुरादचा एकुलता मुलगा अनीस मेला होता. मेला असं नुसतं म्हणायला माझी जीभ वळत नाही. त्याला मारलं. विशीतला पोर, माझ्याच हाताखाली इंजिन शिकलेला. संध्याकाळी खाडीच्या तोंडाशी होडीतून जाळं टाकत होता. जमातीचा प्रमुख महमदअली सारंग याचा ट्रॉलर समुद्रातून परतत होता. ट्रॉलरवाले लहान माणसांच्या जाळ्यांवरून बोटी घालतात ही जुनी कटकट होती, त्यावरून आठवड्याआधीच अनीसची आणि सारंगची बाचाबाची झाली होती. त्या दिवशी ट्रॉलर चालवणारा तांडेल रजेवर होता आणि सुकानावर सारंग स्वतः होता. अनीसने होडीत उभं राहून दोन्ही हात हलवले. सारंगने भोंगा दिला आणि ओरडला, “बाजूला हो, नायतर वरनं घालीन!” आणि घातली.

धक्क्यावर तेव्हा लिलावासाठी माणसं थांबली होती. ओरडणं सगळ्यांनी ऐकलं, सुकानावर कोण होतं तेही पाहिलं. सूर्य अजून बुडायचा होता. तरी हवालदार आला तेव्हा प्रत्येकाने एकच सांगितलं, अंधार होता, काही दिसलं नाही. सारंगने सांगितलं, तांडेल होता सुकानावर, भिऊन पळाला. सगळ्यांचं डिझेल, सगळ्यांचा बर्फ सारंगच्या हातातून येत होता. गावाने मिठाची गुळणी धरली.

अनीसला बाहेर काढलं ते मी आणि मुरादने. ट्रॉलरच्या पंख्याने कमरेखाली काही ठेवलं नव्हतं. मुरादने कमरेची लुंगी सोडून पोराला तिच्यात गुंडाळलं आणि स्वतः ओल्या चड्डीवर धक्क्याच्या पायऱ्या चढला. वर उभी असलेली माणसं वाट देण्यासाठी दोन्ही बाजूंना सरली. कुणी पुढे आलं नाही. लतीफ पावसकर, आमचा शेजारी, ज्याच्या घरची भाकरी अनीस लहानपणी खायचा, तो बर्फाच्या पेटीचं झाकण हातात धरून तसाच उभा होता.

त्यानंतरच्या शुक्रवारी सारंग माझ्या घरी आला होता. अत्तर लावलेला, हातात तसबीहची जपमाळ. “जैनुद्दीन, खुतब्याच्या शेवटी पोराच्या मगफिरतीची, माफीची दुआ माग,” म्हणाला. “हादसा होता असं म्हण. लोकांचं मन हलकं होईल.”

“दुआ मागतंय,” मी म्हणालो. “हादसा म्हननार नाय.”

“मिंबरवर गावच्या भानगडी काढायच्या नाहीत, एवढं ध्यानात ठेव. तुझ्या बापाने कधी काढल्या नाहीत.”

ते खरं होतं. बापाने अरबीचं जुनं पुस्तक उघडायचं, ठरलेला खुतबा वाचायचा आणि खाली उतरायचं, एवढंच केलं. ऐकणाऱ्यांना त्यातलं अल्ला, रसूल आणि आमीन एवढंच कळायचं. मलाही निम्माच कळायचा. पण आमच्या गावाला तो खुतबा जिवापाड होता. समुद्रावरून माणसं त्यासाठी परत यायची, मुंबईहून आलेली पोरं त्यासाठी गाडी चुकवायची.

पुढे दीड महिन्याने त्या बुधवारी मुराद वल्हं घेऊन धक्क्यावर गेला आणि सारंगच्या समोर उभा राहिला. त्याने वल्हं उचललंही नव्हतं. सारंगच्या खलाशांनी, परजिल्ह्यातल्या त्या दणकट पोरांनी, त्याला खाली पाडलं. एकाने केस धरून त्याचं तोंड बर्फाच्या पेटीच्या लोखंडी कडेवर आपटलं. पुन्हा आपटलं. मी गॅरेजमधून धावत पोचेपर्यंत बर्फ लाल झाला होता आणि त्यावर पापलेटं तशीच मांडलेली होती. सारंग म्हणत होता, “पुरे, पुरे, गरीब आहे.” सभोवती अख्खा गाव उभा होता. मी हातातला पाना एका खलाशाच्या खांद्यावर घातला, त्याचं हाड वाजलेलं मी ऐकलं, आणि त्याचं मला आजही वाईट वाटत नाही.

शुक्रवारी अजान झाली आणि मी मिंबरवर चढलो.

इथे आमची एक गोष्ट सांगायला हवी. खुतबा सुरू झाला की बोलायची मनाई असते. शेजारी कुजबुजत असेल तर त्याला ‘गप’ म्हणणंसुद्धा बोलणंच. म्हणणाऱ्याचा जुम्मा, शुक्रवारच्या नमाजचं पुण्य, वाया जातो. बोलायची मुभा एकट्या खतिबाला. आमच्या गावाने ही मनाई इतकी मनावर घेतली होती की कासमचाचाला एकदा खुतब्यात विंचू चावला तर म्हातारा घामाने निथळला, पण त्याने हूं की चूं केलं नाही. नमाज संपून सलाम फिरवल्यावर मगच आडवा झाला. पुढे कितीतरी वर्षं गाव ते कौतुकाने सांगायचा. मला त्यात कौतुक कसलं तेच कळायचं नाही, पण मी कोण विचारणारा.

दुसरी गोष्ट अशी की खुतब्याच्या वेळी सगळ्यांची तोंडं खतिबाकडे असतात. प्रत्येकाच्या मागे काय चाललंय ते खतिबाला एकट्याला दिसतं.

मी पुस्तक उघडलं आणि वाचायला सुरुवात केली. सारंग पहिल्या सफेत, म्हणजे पहिल्या रांगेत, अगदी माझ्या पायांशी, मांडी घालून बसला होता. पांढरी शुभ्र टोपी, डोळे मिटलेले. त्याचे खलाशी दुसऱ्या धर्माचे, ते बाहेर वडाच्या पारावर विड्या ओढत बसले होते. एरवी ते त्याला सोडत नसत. बुधवारपासून तर तो परसाकडे गेला तरी दोघं बरोबर असत, असं पोरं हसून सांगत होती. मशीद ही एकच जागा होती जिथे तो एकटा असायचा.

हौदाकडच्या दारातून मुराद आला. उशीर झालेल्याने मागे बसायचं असतं. तो माणसांच्या खांद्यांवरून पाय टाकत थेट दुसऱ्या सफेपर्यंत आला आणि सारंगच्या बरोबर पाठीमागे बसला. लोकांनी नाराजीने बघितलं, पण जागा केली. भर उन्हाळ्यात त्याने अंगावर चादर घेतली होती.

मी वाचत राहिलो. ओळ संपवून मान वर केली तेव्हा चादरीची कड सरकलेली होती आणि त्याच्या मांडीवर मोठ्या माशाचं डोकं उडवायची सुरी दिसत होती. वीतभर रुंद, धार नुकतीच लावलेली.

आज खुतबा आटप लवकर, असं तो का म्हणाला ते मला तेव्हा कळलं. तो खुतब्यात काही करणार नव्हता. खुतब्यानंतर नमाज. नमाज मीच पढवणार, म्हणजे माझी पाठ त्यांच्याकडे. सजद्यात सारंग कपाळ जमिनीला टेकणार, मान पुढे उघडी टाकणार, आणि कुणाचीच नजर वर नसणार. मुरादचा हात त्या मानेपासून दीड हातावर.

माझ्या एकट्याला दिसलं असतं तर गोष्ट वेगळी होती. मुरादच्या डाव्या बाजूला कासमचाचा बसला होता. त्याने सुरी पाहिली. त्याचं तोंड उघडलं. दाढी हलली. आणि तोंड मिटलं. मनाई होती ना! उजव्या बाजूला लतीफ. त्यानेही पाहिली, आणि नजर उचलून माझ्याकडे लावली, खुतबा ऐकणाऱ्यासारखी. मागच्या रांगेतल्या दोघांनी मान लांबवून पाहिली. चौघं, पाच, मग सहा माणसांच्या माना ताठ झाल्या आणि एकही ओठ हलला नाही. एक माणूस कापला जाणार आहे हे त्यांना दिसत होतं आणि ते आपला जुम्मा सांभाळत होते.

खरं सांगतो, सारंग मेला असता तर मला चाललं असतं. मी त्याच्या उघड्या मानेकडे बघितलं आणि मला दया आली नाही. पण मुराद फासावर गेला असता. रुकय्याच्या पदरी आता दोन लहान मुली उरल्या होत्या. पोराला लुंगीत बांधून आणलं, आता बापाला कशात बांधायचं? माझ्या हाताला घाम सुटला, पुस्तकाचं पान बोटाला चिकटलं.

‘त्याच्याकडे सुरी आहे’ एवढं मी ओरडू शकलो असतो. मग काय झालं असतं? मुरादने तिथल्या तिथे वार केला असता. किंवा लोकांनी त्याला धरलं असतं, मशिदीत हत्यार आणलं म्हणून तो तुरुंगात आणि सारंग हातात तसबीह घेऊन घरी. दोन्हीत माझाच भाऊ जाणार होता. वाचत राहावं तर पुस्तक कधीतरी संपणारच. आणि मुराद माझ्याकडे बघत होता. एका उघड्या डोळ्याने, आटप म्हणत.

मी पुस्तक मिटलं.

खुतबे दोन असतात आणि मध्ये खतीब क्षणभर बसतो; लोकांना वाटलं, पहिला संपला, आता मी बसेन. मी बसलो नाही. मी आमच्या बोलीत बोलायला लागलो. मिंबरवरून त्या मशिदीत ती बोली पहिल्यांदाच निघाली असेल.

“कोनी बोलू नका,” मी म्हणालो. “मनाई हाय, ती तशीच ऱ्हावू दे. तुमाला बोलायचा कामच नाय. मी इचारतंय, तुमी नुसते उभे ऱ्हावा. माज्या भावाचा पोर होडीसकट बुडाला, तेवा धक्क्यावर कोन कोन होता? उभे ऱ्हावा.”

सारंगने डोळे उघडले. त्याने माझ्याकडे असं बघितलं, जणू घरातल्या नोकराने ताटात हात घातलाय. पण बोलला नाही. तोही बोलू शकत नव्हता, आणि मी मनातल्या मनात म्हटलं, बस आता गप, तुझ्याच मनाईत.

कुणी उठेना. पंखे घरघरत होते. मुरादचा हात चादरीखाली गेला तो बाहेर आला नाही.

“कासमचाचा,” मी म्हणालो, “तुमी विंचू गिळलात. आजून किती गिळनार?”

म्हाताऱ्याने दोन्ही तळहात जमिनीला टेकले आणि तो उठला. गुडघे कटकन वाजले. उभा राहून तो रडायला लागला, आवाज न करता. मग मागे एक उठला. मग खिडकीपाशी दोघं भाऊ उठले. लतीफ खाली बघत बसला होता. शेवटी तोही उठला. बघता बघता मशिदीत बारा-पंधरा माणसं उभी होती.

“सुकानावर तांडेल होता असा बगितलेल्यांनी खाली बसा.”

एकही बसला नाही.

मुरादचा चेहरा मी विसरणार नाही. तो मान वळवून एकेकाकडे बघत होता. दीड महिना ज्यांच्या दारात जाऊन ‘एवढं एकदा सांगा’ म्हणून तो हात जोडत होता, ते सगळे त्याच्याभोवती उभे होते. चादर खांद्यावरून घसरली तरी त्याला भान नव्हतं. मला वाटलं, जमलं. आता सुरी मांडीवरून खाली येईल. आता मी सारंगला उभं राहायला सांगतो, पोलीस बोलावतो, आणि मग शांतपणे दुसरा खुतबा वाचतो. मिंबरवर उभं राहिलं की माणसाला आपण फार शहाणे आहोत असं वाटायला लागतं.

“खोटं!” सारंग ओरडला. तो ताडकन उभा राहिला होता. “हरामखोरांनो, माझ्या बर्फावर जगता आणि माझ्यावर उठता? कोण उभा आहे बघू दे. एकेकाची होडी किनाऱ्यावर सडवतो!”

मनाई त्याने मोडली. आणि एकाने मोडल्यावर ती कुणावरच राहिली नाही.

पहिला लतीफ. त्याने समोरच्या लाकडी रेहालवरचं कुराण दोन्ही हातांनी उचललं, चुंबलं, डोळ्यांना लावलं, भिंतीतल्या कोनाड्यात नीट ठेवलं. मग परत आला, रिकामा रेहाल उचलला आणि सारंगच्या तोंडावर हाणला. जबडा मोडल्याचा आवाज माइकमधून सगळ्या गावाने ऐकला असेल, कारण माइक चालूच होता.

मग सगळे तुटून पडले. उभे होते ते आणि बसले होते तेही. मी पाहिलंय, माणूस दुसऱ्यासाठी मारतो तेव्हा एक-दोन ठोसे मारून थांबतो. हे थांबेनात. दीड महिना गप्प बसल्याचा राग ते त्या एका अंगावर काढत होते. कुणी टाचेने बरगड्या तुडवत होता, कुणी माइकचा खांब उपटून आणला. खिडकीपाशी बसलेले दोघं भाऊ सारंगचे हात दोन्हीकडे ताणून धरत होते, मारणाऱ्यांना सोपं जावं म्हणून. सारंग आधी ओरडला, मग गुरगुरला, मग त्याच्या तोंडातून नुसते फुगे यायला लागले. पांढरी चटई लाल झाली आणि तिच्यावर माणसांचे पाय घसरायला लागले. एकजण पडला तर बाकीचे त्याच्यावरूनही गेले.

“थांबा!” मी ओरडत होतो. “अल्लाच्या घरात हाव रे! थांबा!”

कुणी मान वर करून बघितलंही नाही. घडीभरापूर्वी माझ्या एका शब्दावर उठली होती ती माणसं. मी पायऱ्या उतरून गर्दीत घुसलो. कुणाचंतरी कोपर माझ्या नाकावर बसलं आणि मी मिंबरच्या कठड्यावर आपटलो. डोळ्यांपुढे काळं आलं.

मग मला मुरादचा आवाज आला.

“सरा! सरा मागं!”

तो सारंगच्या दोन्ही बाजूंना पाय टाकून उभा होता. सुरी हातात होती आणि तिचं तोंड गर्दीकडे होतं.

लतीफ धापा टाकत म्हणाला, “मुराद, बाजूला हो. तुज्यासाठीच करतोव ना.”

“माज्यासाठी?” मुराद किंचाळला. दात नसल्याने शब्द फुटत होते, पण प्रत्येकाला कळले. “माज्यासाठी तेवा कुटं होतास? माजा पोर हातात घेऊन पायऱ्या चडलो, तेवा तुज्या हातात पेटीचा झाकन होता! बुदवारी माजा तोंड फोडला तेवा किती जन होतात? आता हातात बळ आयला? तो माजा हाय. मी मारीन नायतर सोडीन. तुमचा त्याच्यावर काय हक? काय मेला तुमचा?”

“आरं, पन आमी आता उभे ऱ्हायलोव की—”

लतीफने पाऊल टाकलं. मुरादने सुरी त्याच्या गळ्यापाशी नेली. तिथे एक शीर उडत होती ती मला खालून दिसत होती.

“टाक पाऊल,” मुराद म्हणाला.

लतीफ मागे सरला. मग बाकीचेही सरले. हळूहळू मध्ये मोकळी जागा झाली आणि तिच्यात मुराद, आणि त्याच्या पायांत सारंग. सारंगच्या एका डोळ्याची खाच झाली होती. त्याने चाचपडत हात वर केला आणि मुरादचा घोटा धरला. घट्ट धरला, बुडणारा धरतो तसा. मुरादने खाली बघितलं.

“हात काड,” तो म्हणाला. “तुला वाचवत नाय मी.”

सारंगने हात काढला नाही. मुराद पाय न हलवता तसाच उभा राहिला, रक्तात, सुरी पुढे धरून, पोलीस येईपर्यंत. मध्ये कुणी पाणी मागितलं तरी त्याने कुणाला हलू दिलं नाही. आणि तो सबंध वेळ रडत होता, हे मला सांगायलाच हवं, कारण अनीस गेल्यापासून तो रडला नव्हता.

खलाशांनी पळत जाऊन चौकीवर कळवलं होतं. फौजदार घाटावरचा, पोरसवदा, बूट काढावेत की नाही ते त्याला दारात कळेना. शेवटी काढून मोज्यांनी आत आला आणि ते मोजे भिजले. मुरादने न सांगता सुरी पुढे केली. फौजदाराने ती रुमालात धरून उजेडात उलटसुलट पाहिली. पात्याला डाग नव्हता. त्या दुपारी मशिदीत आणलेलं हत्यार तेवढं एकच होतं आणि तेवढंच कोरडं राहिलं होतं.

“मग याला मारलं कुणी?” त्याने विचारलं.

आता मनाई नव्हती. तरी कुणी बोललं नाही.

फौजदार सारंगपाशी उकिडवा बसला. “बोलू नका. नुसतं बोट दाखवा. कुणी मारलं?”

सारंगचा उरलेला डोळा फिरला. लतीफवरून गेला, लतीफ भिंतीला चिकटला. दोघा भावांवरून गेला. मुरादवर थांबला, बराच वेळ थांबला. मग तो डोळा पुढे सरकला आणि बोट उठलं. मी मिंबरच्या खालच्या पायरीवर नाक धरून बसलो होतो. बोट माझ्याकडे होतं.

पुढे खटला चालला. मारणाऱ्यांपैकी नऊ जण आरोपी झाले आणि आपली शिक्षा कमी व्हावी म्हणून, आपण का चिडलो ते सांगताना, त्यांनी कोर्टात धक्क्यावर पाहिलेलं सगळं सांगून टाकलं. भोंगा, ओरडणं, सुकान. जे पोलिसांना सांगायची हिंमत नव्हती ते स्वतःला वाचवायला निघालं. सारंगला त्यावर शिक्षा झाली. मला चिथावणीबद्दल दोन वर्षं झाली, ती मी भोगली. मुराद सुटला. त्याच्या दोन्ही मुलींची लग्नं त्याने स्वतः लावली. मिंबरवर आता दुसऱ्या घरातला माणूस चढतो, पुस्तकातला खुतबा वाचतो आणि उतरतो.

पण हे सगळं नंतरचं. त्या दुपारी फौजदाराने आधी सारंगच्या बोटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. माझ्या कुर्त्यावर माझ्याच नाकाचं रक्त होतं, हात स्वच्छ होते.

“तू मारलंस?”

“नाय,” मी म्हणालो. “मी बोललो.”

“बोलल्याने कुणाचा जबडा मोडतो होय रे?”

मी सभोवती बघितलं. कासमचाचा कोपऱ्यात बसून उलट्या करत होता. लतीफ अजून तो रेहाल हातात धरून होता आणि तो कुठे ठेवावा ते त्याला कळत नव्हतं. मी उठून दोन्ही हात पुढे केले.

“व्हय साहेब,” मी म्हणालो. “आमच्यात मोडतो.”